मुंबईतल्या गाडीला इंजिन ऑइल कुठलं घालावं?

मुलुंडपूर्व

पेट्रोल हॅचबॅक, १.२ लिटर, २०१७ची, बीएस४. साठ हजारांच्या पुढे पळाली आहे. रोज मुलुंड ते बीकेसी आणि परत. हायवेला मोकळं मिळालं तर मिळालं, पुढे सायनला अडकायचंच. वॉरंटी कधीच संपली, म्हणून यंदापासून सर्व्हिस बाहेर करायची ठरवली आहे.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला ५डब्ल्यू-३० घालायचे. सोसायटीजवळचा गॅरेजवाला म्हणतो, "साहेब, मुंबईत कुठे बर्फ पडतो? ते पातळ पाणी फॉरेनच्या गाड्यांना. २०डब्ल्यू-५० टाका, आवाज बघा कसा बसतो." मेहुण्यांचं म्हणणं, फुल सिंथेटिकच घे, पैशाकडे बघू नकोस. दुकानात गेलो तर डब्यांवर एसएन, एसपी, सीएफ-४, जीएफ-६ असं काय काय. जाणकारांनी उजेड पाडावा.

गिरगावकर

सगळ्यात आधी मेहुण्यांकडून पैसे घ्या.

वंगणवाला

वंगणाच्या प्रयोगशाळेत नोकरी करून निवृत्त झालो, माहुलच्या रिफायनऱ्यांचा वास अजून नाकात आहे. त्यामुळे थोडं लांबेल.

डब्यावरचे दोन आकडे म्हणजे एसएई या इंजिनिअरांच्या संघटनेची प्रतवारी. ५डब्ल्यू-३० मधला ३० हा १०० अंश सेल्सिअसला ऑइल किती घट्ट आहे ते सांगतो. ३० ग्रेडला ते सेंटिस्टोक या घट्टपणाच्या एककात ९.३ ते १२.५च्या मधे असावं लागतं, ४० ग्रेडला १२.५ ते १६.३, ५० ग्रेडला १६.३ ते २१.९. डब्ल्यूचा आकडा थंडीतला. ५डब्ल्यूची चाचणी उणे ३० अंशांला होते, २०डब्ल्यूची उणे १५ला. सांताक्रूझला पारा ७.४ अंशांपर्यंत उतरला होता तोसुद्धा जानेवारी १९६२मध्ये. म्हणजे बर्फाबद्दल तुमचा गॅरेजवाला खरं बोलतो. त्यावरून त्याने काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा आहे.

सकाळी गाडी सुरू करता तेव्हा ऑइल २५-३० अंशांवर असतं. या तापमानाला २०डब्ल्यू-५० साधारण तीनशे सेंटिस्टोकच्या पुढे असतं आणि ५डब्ल्यू-३० शंभर-सव्वाशेच्या घरात. इंजिन गरम झाल्यावर त्याला दहा-बाराच हवे असतात. म्हणजे मुंबईच्या "गरम" सकाळीसुद्धा कुठलंही ऑइल गरजेपेक्षा कितीतरी पट घट्टच असतं. घट्ट ऑइल इंजिनच्या तळाच्या चेंबरमधून वर कॅमशाफ्टपर्यंत पोचायला वेळ घेतं, आणि इंजिनची बरीच झीज त्या सुरुवातीच्या वेळातच होते. डब्ल्यूचा आकडा लहान असण्याचा फायदा मुंबईकरालाही मिळतो, स्वेटर कपाटात असला तरी.

राहिली उन्हाळ्याची गोष्ट. इंजिनचं तापमान थर्मोस्टॅट आणि रेडिएटरचा पंखा सांभाळतात. बाहेर २२ असो की ३५, आतलं पाणी नव्वदच्या आसपासच राहतं. गाडी "गरम प्रदेशात" आहे हे इंजिनला आपल्याला वाटतं तितकं कळत नाही.

तुमच्या वर्णनाची बरीच इंजिनं व्हीव्हीटीवाली आहेत. व्हॉल्व्हचं टायमिंग पुढे-मागे करायचं काम तिथे ऑइलच्या दाबावर चालतं. ऑइल बारीक छिद्रांतून आणि एवढ्याशा जाळीतून जातं, चेन ताणून धरणारा टेन्शनरही ऑइलवरच. तिथे २०डब्ल्यू-५० घालू नका. आवाज "बसतो" तो जाड थरामुळे, त्याने इंजिन सुधारलं असं होत नाही. मॅन्युअल उघडा, त्यात ग्रेड आणि दर्जा दोन्ही लिहिलेलं असतं.

मुलुंडपूर्व

धन्यवाद काका. मॅन्युअल ग्लोव्ह बॉक्समध्येच होतं, प्लास्टिकसुद्धा निघालं नव्हतं. ५डब्ल्यू-३० पहिलं दिलंय, खाली इतर ग्रेडचा तक्ता आहे. त्यात २०डब्ल्यू-५० नाही.

काळीपिवळी

गॅरेजवाल्याला शिव्या देऊ नका. तो ज्या गाड्यांवर शिकला त्यांना तेच चालायचं. आमच्या वडिलांची पद्मिनी होती. जुनं फियाटचं इंजिन, १०८९ सीसी, आतली फट मोठी, त्याला जाड ऑइलच लागायचं. पातळ घातलं की प्यायची आणि मागून निळा धूर. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ला पासिंग झाली आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर २०२३च्या ऑक्टोबर अखेरीस रस्त्यावरून गेली. गाडी गेली तरी हाताची सवय राहते ना भाऊ.

आता माझ्या दोन सीएनजी गाड्या चालतात, डबल शिफ्ट. कंपनीने सांगितलेलंच ऑइल घालतो. आमची गाडी दिवसभर गरम असते, थंड होऊन परत सुरू व्हायची वेळ क्वचित येते. त्यामुळे किलोमीटरच्या मानाने आमचं ऑइल तुम्हा लोकांच्या ऑइलपेक्षा बरं राहतं. खरी वाट लागते ती सोसायटीत आठवडाभर उभ्या असलेल्या आणि रविवारी डी-मार्टला जाऊन येणाऱ्या गाडीची.

वंगणवाला

काळीपिवळी यांचा शेवटचा मुद्दा सोन्याचा आहे. पेट्रोल जळलं की पाणी तयार होतं. इंजिन पुरतं गरम झालं तर वाफ होऊन जातं. दोन किलोमीटरची फेरी मारून गाडी बंद केली तर ते पाणी आणि थोडं न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्येच राहतं. ऑइल कॅप उघडून बघा, आतून पिवळट लोण्यासारखं काही लागलं असेल तर त्याचं कारण हे. पावसाळ्यात जास्त दिसतं.

दुसरं, ओडोमीटरला ट्रॅफिक कळत नाही. दहा हजार किलोमीटर सरासरी ताशी २० वेगाने केले तर इंजिन ५०० तास चालतं. तेच नाशिक हायवेवर ताशी ६०ने केले तर १६७ तास. ऑइल दोन्हीकडे "दहा हजार" किलोमीटरच चाललं असं आपण वहीत लिहितो. मॅन्युअलमध्ये मागे कुठेतरी "सिव्हिअर कंडिशन" नावाचा वेगळा तक्ता असतो. थांबत-चालत ट्रॅफिक, छोट्या फेऱ्या, धूळ. मुंबईतली निम्मी वाहनं त्या तक्त्यातली आहेत, पण तो कोणी वाचत नाही.

शंकासुर

सगळं मॅन्युअलवर सोडायचं हे मला पटत नाही. हल्ली नव्या पेट्रोल गाड्यांना ०डब्ल्यू-२०, काहींना ०डब्ल्यू-१६ सांगतात. का? तर सरासरी इंधनवापराचे कॅफे नियम आले. पातळ ऑइल म्हणजे कमी घर्षण, कागदावर मायलेज वाढतं, कंपनीचा आकडा जमतो. माझं इंजिन पंधरा वर्षं टिकावं याची काळजी कंपनीला कशाला?

टर्बोताई

शंकासुर दादा, अर्धं खरं आहे. मायलेजसाठी ऑइल पातळ केलं हे कुणी लपवत नाही. पण ते करताना ऑइल पंप, बेअरिंगची फट आणि रिंग त्याच हिशेबाने बनवल्या. फक्त डब्यावरचं लेबल बदललेलं नाही. ०डब्ल्यू-१६ साठी तर जीएफ-६ या दर्जात जीएफ-६बी अशी वेगळी पायरीच केली, चिन्हही वेगळं ठेवलं, कारण ते जुन्या इंजिनांत चुकून जाऊ नये.

वंगणवाला

दोघांच्या मधला रस्ताही आहे. बऱ्याच मॅन्युअलमध्ये एकाहून जास्त ग्रेड चालतात असं लिहिलेलं असतं. इंजिन जुनं झालं, थोडं ऑइल पीत असेल, किंवा गाडी भरून वारंवार घाट चढत असेल, तर त्या यादीतलं जाड टोक निवडा. यादीच्या बाहेर जाऊ नका. शंकासुरांची शंका यादीच्या आत राहूनही फिटते.

शंकासुर

माझी शंका फिटली असं मी म्हटलेलं नाही. पण यादीचं मान्य.

मुलुंडपूर्व

आणि ते एसएन, एसपी? स्वस्त पडतं म्हणून एसएल घेतलं तर?

टर्बोताई

हे मी सांगते, कारण माझ्या टर्बो पेट्रोलसाठी यावर बराच खल केला आहे. ती अक्षरं एपीआय या अमेरिकन संस्थेची. तिची एस मालिका पेट्रोल गाड्यांची, सी मालिका डिझेलची. एस नंतरचं अक्षर जितकं पुढचं तितकी कसोटी नवी. एसएन २०१०चं, एसपी मे २०२०पासून. पेट्रोलमध्ये नवं अक्षर जुन्याच्या जागी चालतं, उलटं नाही. मॅन्युअलमध्ये एसएम लिहिलं असेल तर एसपी बिनधास्त घाला.

एसपीचा खरा फायदा माझ्यासारख्यांना. छोटं टर्बो, थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणारं इंजिन कमी आरपीएमवर जोरात दाबलं तर ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटू शकतं. त्याला एलएसपीआय म्हणतात. पिस्टनला तडा जाऊ शकतो. सिलिंडरमध्ये शिरलेला ऑइलचा थेंब हे त्याचं एक कारण, आणि ऑइलमधलं कॅल्शियम जास्त असेल तर धोका वाढतो असं दिसलं. म्हणून एसएन प्लस आणि एसपीमध्ये त्याची वेगळी चाचणी आली आणि बऱ्याच कंपन्यांनी कॅल्शियमचा काही भाग काढून मॅग्नेशियम घातलं. जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडचा चढ तिसऱ्यात रेटणाऱ्यांनी ऐकून ठेवा. ऑइल चांगलं असलं तरी गिअर खाली घ्यायला हात मोडत नाही.

मुलुंडपूर्व, तुमचं इंजिन साधं असेल तर एलएसपीआयची चिंता नको. तरी एसपी घ्या. किमतीतला फरक किरकोळ, आणि चेन कमी झिजावी यासाठीची चाचणीही त्यात आहे.

घोडबंदर_डिझेल

धागा पेट्रोलचा आहे, तरी घुसतो. बीएस६ डिझेल एसयूव्ही. ठाण्यातल्या ठाण्यात फिरते. ऑइल कमी होतं हे ऐकलं होतं, माझं वाढतंय. ऑइल मोजायच्या काडीवर वरच्या खुणेच्या वर गेलं. शेजारी म्हणतात नशीबवान आहेस.

वंगणवाला

शेजाऱ्यांचं ऐकू नका. एप्रिल २०२०पासून धुराचे बीएस६ नियम आले आणि डिझेल गाड्यांना डीपीएफ, म्हणजे धुराचा फिल्टर लागला. धुरातली काजळी तो धरून ठेवतो आणि ठरावीक भरला की जाळून टाकतो. जाळण्यासाठी सायलेन्सर तापवायला लागतो, त्यासाठी बऱ्याच गाड्यांत सिलिंडरमध्ये उशिरा जादा डिझेल सोडतात. त्यातलं थोडं भिंतीवरून ओघळून ऑइलमध्ये उतरतं. मोकळ्या रस्त्यावर जाळण्याचं काम एकदाच पुरं होतं. घोडबंदर रोडवर ते अर्ध्यात तुटतं, पुन्हा सुरू होतं, पुन्हा तुटतं, आणि प्रत्येक वेळी थोडं डिझेल खाली जातं. तुमची पातळी त्याने वाढते आहे. ते ऑइल पातळ झालेलं आहे, त्यात वंगणाची ताकद राहिलेली नाही. पातळी खुणेच्या वर असेल तर किलोमीटर न बघता बदला. अधूनमधून गाडी वीसेक मिनिटं सलग पळवा. अटल सेतूचा टोल देववत नसेल तर पूर्व मुक्तमार्ग आहेच, पहाटे.

आणि तुमच्यासाठी ऑइल निवडताना ग्रेडपेक्षा दर्जा महत्त्वाचा. "लो सॅप्स" म्हणजे कमी राखेचं हवं, डब्यावर एसीईए या युरोपियन दर्जाचं सी२ किंवा सी३ असं काहीतरी, मॅन्युअल सांगेल ते. काजळी जळते, पण ऑइलमधल्या धातूंची राख जळत नाही. ती डीपीएफमध्ये साचत जाते. सी२, सी३ मध्ये राखेची मर्यादा ०.८ टक्के आहे, ए३/बी४ मध्ये ती जवळपास दुप्पट जाऊ शकते. ट्रकचं म्हणून मिळणारं जुन्या दर्जाचं डिझेल ऑइल स्वस्त पडतं, आणि डीपीएफ बदलायला जे पैसे लागतात त्यापुढे ती बचत काहीच नाही.

जर्मन गाड्यांवाल्यांनी तर एसएई-एपीआयच्याही पुढे जाऊन कंपनीच्या मंजुरीचा नंबर बघायचा. फोक्सवॅगनचा ५०४ ००/५०७ ०० तसा. एकच ५डब्ल्यू-३०, पण नंबर नसेल तर ते ऑइल वेगळं.

घोडबंदर_डिझेल

दंडवत. उद्याच गाडी देतो.

गिरगावकर

अवांतर: माझ्या स्कूटरचं अर्धा लिटर उरलंय, कारमध्ये वरून घातलं तर? आणि उलट?

टर्बोताई

गिरगावकर, तुम्ही कराल म्हणून उत्तर देते. कारचं ऑइल मोटरसायकलमध्ये घालू नका. बाइकचा क्लच ऑइलमध्येच बुडालेला असतो, कारच्या ऑइलमधल्या घर्षण कमी करणाऱ्या द्रव्यांनी तो घसरायला लागतो. त्यासाठी बाइकच्या डब्यावर जासो या जपानी दर्जाचं एमए असतं. स्कूटरचं एमबी वेगळं. आणि ते अर्धा लिटर तुमच्या स्कूटरलाच पुढच्या वेळी लागेल.

काळीपिवळी

सीएनजीवाल्यांसाठी एक. गॅसवर ऑइल काळं पडत नाही, कारण काजळीच कमी. काडी काढली तर मधासारखं दिसतं आणि माणूस म्हणतो अजून चालेल. रंगावर जाऊ नका. गॅसची आच जास्त, ऑइल आतून जून होतं, घट्ट होत जातं. माझा एक ड्रायव्हर "सोन्यासारखं आहे शेठ" म्हणत पुढे पुढे ढकलत होता, चेंबर उघडलं तेव्हा खाली गाळ. किलोमीटर आले की बदलायचं. डिझेलमध्ये उलट, घातल्यावर दुसऱ्या दिवशी काळं होतं. काजळी धरून ठेवणं हे ऑइलचं कामच आहे, त्यात घाबरायचं काही नाही.

कुर्ला_सीएसटी

स्पेअर पार्ट्सच्या धंद्यात आहे, म्हणून बाजाराचं बोलतो. ग्रेड-बिड सगळं बरोबर निवडलंत आणि डबा डुप्लिकेट निघाला तर काय उपयोग? ओळखीच्या दुकानातून किंवा पेट्रोल पंपावरून घ्या, पक्कं बिल घ्या. झाकणाखालची सील बघा, बॅच नंबर झाकणावर आणि डब्यावर जुळतो का बघा, क्यूआर असेल तर स्कॅन करा. एमआरपीच्या निम्म्यात कोणी देत असेल तर तो समाजसेवा करत नाहीये.

आणि गॅरेजमध्ये ऑइल बदलून झालं की रिकामा डबा तिथे सोडू नका. खिळ्याने दोन भोकं पाडा, मग टाका. ओरिजिनल डब्याला भंगारात वेगळा भाव मिळतो, तो कशासाठी ते समजून घ्या. सुट्टं, ड्रममधलं ऑइल तर घेऊच नका.

डब्यावर "एपीआय एसपीच्या दर्जाचं" असं वाक्य असणं आणि एपीआयचं ते गोल चिन्ह असणं यात फरक आहे. चिन्ह असेल तर कंपनीने परवाना घेतलेला असतो, आणि एपीआयच्या साइटवर परवानाधारकांची यादी कोणालाही शोधता येते.

मुलुंडपूर्व

म्हणजे आता सिंथेटिक की मिनरल एवढंच उरलं.

वंगणवाला

ते बरंचसं आपोआप ठरतं. ०डब्ल्यू किंवा ५डब्ल्यू मिनरलमध्ये बनवणं अवघड, त्यामुळे त्या ग्रेडमध्ये तुम्हाला बहुतेक सिंथेटिकच मिळेल. "फुल सिंथेटिक" लिहिलेल्यातलं पुष्कळ ऑइल कच्च्या तेलापासूनच, पण खूप प्रक्रिया केलेल्या ग्रुप ३ बेस ऑइलचं असतं. त्यात फसवणूक नाही, चांगलं असतं. "सेमी-सिंथेटिक"मध्ये मात्र सिंथेटिक किती असावं याचं एपीआयचं बंधन नाही, त्यामुळे त्या शब्दासाठी जादा पैसे देऊ नका. तुमच्या ट्रॅफिकच्या तासांना सिंथेटिकचा फायदा आहे, तापून लवकर बिघडत नाही. पण सिंथेटिक घातलं म्हणून पंधरा हजारांवर ताणू नका. स्वस्त पण योग्य दर्जाचं ऑइल वेळेवर बदललेलं मला जास्त चालेल.

वरून घालायच्या बाटल्या, घर्षण कमी करणारी टॉनिकं, इंजिन फ्लश यातलं काहीही घेऊ नका. डब्यातल्या ऑइलमध्ये जे लागतं ते मोजून घातलेलं असतं.

शंकासुर

इथे मात्र पूर्ण सहमत.

परळची_सई

उशिरा आले. हिंदमाताच्या पाण्यात मागच्या पावसाळ्यात गाडी बंद पडली होती. तेव्हा ऑइल बदललं होतं. यंदाही तसं झालं तर निदान काय बघायचं ते सांगाल का?

काळीपिवळी

ताई, पाण्यात बंद पडली तर पुन्हा सेल्फ मारायचा नाही. एवढं एकच लक्षात ठेवा. पाणी सिलिंडरमध्ये गेलेलं असलं तर ते दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी ढकलून बाजूला, मग टो. काडी काढून बघा, ऑइल दुधाळ दिसलं की पाणी शिरलं. मग ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदलायचे, थोडं चालवून परत एकदा बदलायचे, कारण पहिल्या वेळी सगळं पाणी निघत नाही. या पहिल्या वेळेला स्वस्त ऑइल चालेल, ग्रेड मात्र तीच.

परळची_सई

आभारी आहे दादा. सेल्फवालं नवऱ्याला पाठवलं.

मुलुंडपूर्व

शनिवारी करून घेतलं. ५डब्ल्यू-३०, एसपी, सिंथेटिक, स्वतः नेलेला डबा, नवा फिल्टर आणि ड्रेन नटचा नवा वायसर. गॅरेजवाला आधी फुरंगटला, मग मॅन्युअलचं पान दाखवल्यावर म्हणाला, "लिहिलंच आहे तर घालू." पूर्ण डबा ओतत होता, मी थांबवलं. काडीवर दोन खुणांच्या मधे, वरच्या जवळ ठेवलं. जास्त झालं तर फेस होतो असं वाचलं होतं.

एकच राहिलं. जुनं ऑइल तो एका कॅनमध्ये ओतून ठेवतो. त्याचं पुढे काय होतं?

कुर्ला_सीएसटी

विचारा त्याला. वापरलेलं ऑइल घातक कचऱ्यात मोडतं, नोंदणी असलेल्या रिसायकलरकडेच जायला हवं. एप्रिल २०२४पासून ऑइल कंपन्यांवरही ते गोळा करून घ्यायची जबाबदारी आली आहे. चांगल्या गॅरेजकडे उचलणारा माणूस ठरलेला असतो आणि तो पैसे देऊन नेतो. तुमचा कोणी नेत नसेल तर मला निरोप करा, मुलुंड-भांडुपकडे फिरणाऱ्या एकाचा पत्ता देतो. नाल्यात ओततो म्हणाला तर गॅरेज बदला.

गिरगावकर

मेहुण्यांनी पैसे दिले का?

मुलुंडपूर्व

फिल्टरचे दिले.